मी घासलेला कप

मले फुटबॉलचा खेळ कधी धड समजला नाही. शिटी काहून वाजली, गोल झाला का नाही झाला, ते बाजूच्या बाईले विचारा लागे. पण फुटबॉलची खोली मी नऊ-दहा वर्षं झाडली. तिच्यातलं कोणतं सामान कोणत्या फळीवर होतं, ते आताही डोळे मिटून सांगीन.

मैदानाच्या टोकाले क्लबच्या दोन खोल्या होत्या, कवेलूच्या छपराच्या. एकीत टेबल-खुर्च्या अन् कॅरम. दुसरीत चुन्याच्या गोण्या अन् फाटेल जाळ्या पडून राहत. बांगलादेशची लढाई झाली त्याच्या दोन-तीन वर्षांनंतर सेक्रेटरी साहेबाच्या मनात आलं, का नागपूरच्या जुन्या फुटबॉलचं सामान एका जागी ठेवावं. बुढे मरून राहिले अन् त्यांच्या पेट्यांतलं सामान भंगारात चाललं, असं ते म्हणत. मंग ती खोली रंगवली, फळ्या ठोकल्या, काचेचं एक कपाट आणलं, दारावर पाटी लावली. पाटीवर संग्रहालय लिहेल होतं म्हणे. मी दुसरीतून शाळा सोडेल, जोडाक्षर आलं का माही गाडी अडे. आमी बाया फुटबॉलची खोलीच म्हणो.

लोकं घराघरातून सामान घेऊन आले. चामड्याचे बॉल, जोड्यासारखी लेस बांधेल. ती लेस कपाळाले लागे तं रक्त निघे, म्हणून बुढ्यांच्या कपाळावर वण होते. कामठीच्या मिलिटरीतले गोरे सोडून गेलते ते बूट, खाली खिळे मारेल. बांबूच्या गोलपोस्टचा एक तुकडा. गोलकीपरची लोकरीची टोपी. एक बाई सासऱ्याची हाफपॅन्ट घेऊन आली, तवा चौकीदार भाऊ म्हणे, "हा बुढा कधी मैदानात उतरला वं? हा तं बाहेर बसून शिव्या देत होता."

बाई म्हणे, "मंग शिव्या देणाऱ्याची एक ठेवा. त्याच्याबिगर मॅच होत होती का?"

ठेवली. खालच्या फळीवर होती, घडी करून.

हा चौकीदार आमच्याच वस्तीतला, माह्या घरापासून चार घरं सोडून. मी त्याले भाऊ म्हणो अन् त्याच्या बायकोले वयनी. जवानीत तो क्लबकडून खेळे, अनवाणी. डाव्या बाजूनं असा पळे म्हणे, का बूटवाले मागं राहून जात. मंग गुडघा फुटला. क्लबनं त्याले मैदानावर चौकीदार ठेवलं. पाणी मारा, चुन्याच्या रेघा ओढा, चाबी सांभाळा. पाय ओढत चाले, पण रेघ सरळ ओढे.

मले तिथं त्यानंच लावलं. माहा नवरा आरा मशीनवर होता. एक दिवस ओंडका सरकला अन् त्याच्या छातीवर आला. घरी आणलं तवा जीव होता, पण बोलणं नव्हतं. दोन पोरी. मोठी आठ-नऊ वर्षांची, लहानी अंगावर पीत होती. मी विटाभट्टीवर गेली, पोरीले तट्ट्याच्या सावलीत निजवून विटा वाहिल्या. सहा-सात महिने तसं चाललं. पोरीच्या अंगावर घामोळं फुटलं ते जाता जाईना. तवा भाऊनं वयनीच्या हाती निरोप धाडला, "तिले म्हणा, मैदानावर ये." सेक्रेटरी साहेबापुढं मले उभं केलं अन् म्हणे, "साहेब, ही झाडपूस करन, चहा करन. हात साफ आहे हिचा. मी सांगून राहिलो."

साहेबानं ठेवून घेतलं. भाऊ बोलला म्हणून ठेवलं.

काचेच्या कपाटात मधोमध एक कप होता. दोन कानांचा, हातभर उंच. भाऊच्या टीमनं तो जिंकला होता. भिंतीवर त्याचा फोटोही होता, अकरा जण अनवाणी, अन् भाऊ पुढं खाली बसेल, कप मांड्यांत धरून. रंग त्या कपाचा काळपट पडला होता, राखेसारखा. कानाजवळ अन् बुडाशी झिजून पिवळं दिसे. मी रोज काचेबाहेरून पाहो अन् माह्या मनाले लागे. एवढं चांगलं पितळेचं भांडं, कोणी हातच लावला नाही याले.

तो चांदीचा आहे, हे मले कोणी सांगतलं नव्हतं. सांगतलं असतं तरी माह्या डोक्यात शिरलं नसतं. चांदी म्हणजे माह्यासाठी पायातले जोडवे, अन् ते नवरा गेला त्या दिवशी उतरवले. हातभर उंच भांडं चांदीचं राहू शकते, हे कोणत्या घरी पाहिलं होतं मी?

खोलीचं उद्घाटन ठरलं. आदल्या दिवशी सेक्रेटरी साहेब म्हणे, "बाई, उद्या मोठे पाहुणे येणार आहेत. खोली आरशासारखी दिसली पाहिजे. कपाटाची काच आतूनही पूस."

कपाटाची चाबी भाऊच्या कमरेले राहे. दुपारी भाऊले जरीपटक्याच्या बाजारात जाऊन हार आणाचे होते. जाता जाता त्यानं चाबी माह्या हातात देल्ली.

"काच पूस अन् लगेच लाव. साहेबाले बोलू नको. चाबी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असं त्यानं बजावलं आहे."

"मंग देऊन काहून राहिले?" मी म्हटलं.

"तू काय दुसरी आहे का," तो म्हणे, अन् सायकल घेऊन गेला.

मी काच पुसली. कप बाहेर काढला तं हाताले काळं लागलं. आमच्याकडं पाहुणा येणार असला का आधी भांडे घासतात. लग्न असो का कोणाचं बारसं, दारापुढं बसून सगळ्या बाया पितळ उजळवतात. माह्या मायनं मले लहानपणी तेच शिकवलं, अन् तेवढं मले चांगलं येत होतं. मी घरी गेली, चिंचेचा गोळा आणला, चुलीतली राख आणली, एक वीट दगडावर कुटून तिचा भुगा केला, नारळाची शेंडी घेतली. खोलीच्या मागं नळ होता, तिथं बसली.

चांगली दीड-दोन घंटे बसली असन. आधी काळं पाणी निघालं. मंग हळूहळू आतून पिवळं दिसाले लागलं, अन् जसं जसं पिवळं दिसे तसा मले जोर येई. कपाच्या पोटावर बारीक बारीक रेघा होत्या, पोट्ट्यांनी खिळ्यानं ओढल्यासारख्या. त्या जाऊन नव्हत्या राहिल्या. मी भुगा जास्ती घेतला अन् त्या जागी दाबून घासलं. अर्ध्याच्या वर गेल्या, राहिल्या त्याही पुसट झाल्या. त्या रेघा म्हणजे इंग्रजीत लिहेल नावं होते, अकरा जणांचे, हे मले दुसऱ्या दिवशी समजलं.

धुऊन उन्हात धरला तं डोळे दिपले. नव्या घागरीवाणी पिवळा धम्मक. उद्घाटनाच्या मंडपाची धूळ बसू नये म्हणून वरून पंचा झाकला, कपाटात ठेवला, चाबी लावली. भाऊ हार घेऊन आला.

"झालं?"

"झालं," मी म्हटलं, अन् चाबी देल्ली. कप घासल्याचं सांगतलं नाही. म्हटलं, उद्या भाऊ पाहीन तं खुश होईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले. साहेबाले वाटलं पंचा कोणी मुद्दाम झाकला आहे, पाहुण्याच्या हातून उघडायले. त्यानं कपाट उघडून पाहुण्याले पुढं केलं. पाहुण्यानं पंचा ओढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दाराशी उभी होती, मीही वाजवल्या.

"वा, काय चमकून राहिला," पाहुणा म्हणे.

सेक्रेटरी साहेबाचे हात मधातच थांबले. क्लबच्या खजिनदारानं साहेबाकडं पाहिलं. भाऊ माह्या समोर भिंतीशी उभा होता. त्यानं कपाकडं पाहिलं, मंग माह्याकडं, मंग खाली. तवाही मले समजलं नाही. मले वाटलं, जुन्या दिवसाची आठवण येऊन राहिली असन.

पाहुणे गेले. साहेबानं दार लावलं अन् मले चहा ठेवाले सांगतलं. मी चहा घेऊन गेली तवा टेबलावर कप होता, भोवती कमिटीचे पाच-सहा जण, अन् भाऊ एकटा उभा.

खजिनदार म्हणे, "सीधी बात आहे. चांदीचा गेला, पितळेचा आला. गोऱ्या साहेबानं दिलेला कप होता, निव्वळ चांदीचा. चाबी कोणाजवळ होती?"

"माह्यापाशी," भाऊ म्हणे.

"कोणाला दिली होती?"

भाऊनं माह्याकडं पाहिलं. मंग म्हणे, "माह्यापाशीच होती. साहेब, कप तोच आहे. हा कानाजवळचा पोचा पाहा. जिंकलो त्या दिवशी माह्याच हातून पडला होता."

"पोचा पाडायला काय लागते? नकली बनवणारा पोचाही पाडते."

"एखाद्या सोनाराले दाखवा ना."

"सोनाराला काय दाखवू? डोळ्याला दिसून नाही राहिलं? नावं कुठं आहेत तुमची?"

त्यायले सोनाराकडं जायचंच नव्हतं. इतकी वर्षं क्लबवाले साऱ्या नागपुरात सांगत होते, का आमचा कप निव्वळ चांदीचा आहे. त्याच्यावर नुसतं चांदीचं पाणी होतं, अन् तेही अर्धं झिजेल, हे कबूल करण्यापेक्षा चोर सापडेल बरा. हे मले आता समजते. तवा मले एवढंच समजलं का कप मी खराब केला, अन् चोर भाऊले म्हणून राहिले.

हातात चहाचा ट्रे होता. मी म्हटलं, "साहेब—"

साहेबानं माह्याकडं न पाहता म्हटलं, "बाई, चहा ठेव अन् जा."

मी चहा ठेवला अन् गेली.

मी बहुत वर्षं मनाले सांगत होती, का मी तोंड उघडलं होतं, साहेबानंच मले जा म्हटलं. पण त्या एका दिवशी म्हटलं. त्याच्यानंतर नऊ वर्षं मले कोणी जा म्हटलं नव्हतं.

पोलिसात नाही देल्लं. जुना खेळाडू आहे म्हणून सोडला, असं म्हणत. चाबी ठेवून घेतली अन् उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतलं. भाऊनं खुंटीवरचा सदरा काढला, चुन्याची बादली होती ती पालथी घातली, अन् पाय ओढत मैदानातून गेला. मधातून नाही गेला. कडेकडेनं, रेघेबाहेरून.

दोन दिवसांनी खजिनदार मले म्हणे, "तो अकरा जणांचा फोटो उतरव. चोराचा फोटो संग्रहालयात नको."

मी स्टूल घेतला अन् उतरवला. पंच्यात गुंडाळून खालच्या पेटीत ठेवला. अन् सेक्रेटरी साहेबानं कपाटाची चाबी माह्या हातात देल्ली. म्हणे, "आता बाईजवळच राहू द्या. बाई इमानदार आहे."

ती चाबी मी पदराले बांधली. पोरी दोन टाइम जेवत होत्या, शाळेत जात होत्या, ते त्या चाबीवर. मी खोटं कशाले बोलू, मले त्या दिवशी बरंही वाटलं होतं. नोकरी गेली नाही म्हणून. मंग घरी येऊन भात टाकला, अन् भात उतू गेला तरी तिथंच बसून राहिली.

भाऊ कळमन्याच्या बाजारात लागला, संत्र्याच्या पेट्या ठोकायले. एका जागी बसून काम, म्हणून गुडघ्याले जमलं. वयनीही जाई, पेटीत तणस भराले. दिवसभर घरी नसत, ते एका अर्थानं बरं होतं. वस्तीतले लोकं तोंडावर काही म्हणत नसत. पण नळावर मात्र बाया सोडत नव्हत्या. वयनी रांगेत उभी राहिली का एखादी म्हणे, "घागर पाहून घ्या वं आपापली. नाही तं पितळेची नेऊन हलकी जर्मनची ठेवतीन."

बाकीच्या हसत. मी त्या रांगेत राहो. माही घागर कमरेवर अन् तोंडात मिठाची गुळणी धरल्यावाणी. एक दिवस वयनीनं रांगेतून घागर उचलली अन् घरी गेली. त्याच्यानंतर ती सगळ्यांचं भरून झाल्यावर येई, धार बारीक झाल्यावर.

त्यांच्या पोरीले पाहाले नरखेडकडचे पाहुणे आले होते. मोसंबीचा बगीचा होता त्यांचा. पोरगी पसंत पडली, पानसुपारी झाली, हसत हसत गेले. मंग निरोपच नाही आला. कोणीतरी रस्त्यात त्यायले सांगतलं असन. पोरीचं लग्न झालं नंतर, पण दोन वर्षांनी, अन् बिजवराशी. लग्नात मी पोळ्या लाटाले गेली होती. भाऊ जवळून गेला अन् म्हणे, "जेवून जाजो वं." बस, तेवढंच.

एकदा मी कळमन्याले कांदे घ्यायले गेली. भाऊ पेट्यांच्या ढिगाशी बसेल होता, तोंडात खिळे धरून.

"कांदे घ्यायले आली?" खिळे तोंडातच, ओठाच्या कोपऱ्यातून बोलला.

"हो भाऊ."

"खोलीतल्या त्या बांबूले उधळी लागत होती. पाहते का?"

"रॉकेल लावते महिन्यातून."

"अन् हाफपॅन्ट?"

"आहे. कसर लागली थोडीशी."

"लागनच. बुढ्याच्या शिव्या संपल्या, मंग कसर कोणाले भीन," म्हणे, अन् हसला. मले हसू आलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, तो कप..."

त्यानं तोंडातले खिळे काढून हातावर घेतले.

"मले माहीत आहे. हार घेऊन आलो त्या दिवशी नळापाशी चिचोके पडेल होते, विटेचा भुगा होता. मले वाटलं चहाचे भांडे घासले असन. दुसऱ्या दिवशी पंचा उचलला तवा समजलं."

"मंग तुमी सांगतलं काहून नाही?"

"चोर म्हणून उभा असलेल्या माणसानं दुसऱ्याचं नाव घेतलं तं कोण ऐकते वं? मी वाट पाहून राहिलो होतो. म्हटलं, ही आता बोलन, उद्या बोलन."

मी खाली बसली. म्हटलं, "भाऊ, माह्या हातून..."

"मले काहून सांगते?" तो म्हणे. रागानं नाही म्हटलं. "मले तं माहीतच आहे. जिथं सांगाचं तिथं सांगजो." अन् खिळे परत तोंडात धरून पेटी ओढली.

जिथं सांगाचं ती जागा माह्या घरापासून पाच मिनिटांवर होती. मी तिथं रोज जात होती. रोज सकाळी ते कपाट उघडो, कप पुसो, अन् लावो. मनात म्हणो, मोठीची मॅट्रिक होऊ दे. मोठीची मॅट्रिक झाली. मंग म्हटलं, तिचं लग्न जमू दे. सेक्रेटरी साहेब चांगला माणूस होता, त्याले सांगता आलं असतं. त्याच्या पोरानं त्याले पुण्याले नेलं, तवाही मी स्टेशनवर सामान पोचवाले गेली, पेटी डोक्यावर घेऊन. प्लॅटफॉर्मवर साहेब म्हणे, "बाई, खोली सांभाळ." मी हो म्हटलं. गाडी गेली.

मंग भाऊ गेला. उन्हाळ्यात छातीत पाणी झालं अन् आठ-दहा दिवसांत गेला. विहारातले लोकं आले, वंदना झाली, मीही मागं बसून हात जोडले. म्हणता मात्र काही येईना.

पाचव्या दिवशी मी वयनीकडं गेली. दुपार होती, पोरगी आत निजली होती. वयनी सुपात तूर पाखडत होती. मी उंबऱ्यावर बसली अन् एका दमात बोलली. कप मी घासला. चिंचेनं अन् विटेच्या भुग्यानं. चाबी भाऊनं माह्या हाती देल्ली होती. चोरी झालीच नव्हती, कप तोच आहे.

वयनीचं सूप थांबलं नाही. पाखडता पाखडता म्हणे, "त्यायले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून."

आता सूप खाली ठेवलं. "मले नाही सांगतलं त्यायनं," म्हणे. "नऊ वर्षं मी त्या माणसाशी भांडली. नळावरून आली का भांडो. पोरीचं मोडलं तवा मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, घेतला असन तं मले तरी सांगून टाका, मी तं बायको आहे तुमची. तं जेवता जेवता उठून गेले. अन् तू चार घरं सोडून राहत होती."

मी सुपातल्या तुरीकडं पाहत बसली.

"रडू नको," वयनी म्हणे. मी रडून नव्हती राहिली. "चप्पल घाल. चाल."

आमी मैदानावर गेलो. पोट्टे तिथं क्रिकेट खेळून राहिले होते. फुटबॉलच्या खोलीत तवा क्रिकेटच्या मॅट गुंडाळून ठेवत, कपाटापर्यंत जाले वाकडं व्हा लागे. खजिनदार आता मोठा झाला होता, साहेबाच्या खुर्चीवर तोच बसे. दोघे-तिघे कमिटीचे नवे लोकं होते.

"सांग," वयनी म्हणे.

मी सांगतलं. सगळं. आवाज बारीक निघाला तं वयनी म्हणे, "मोठ्यानं." परत सांगतलं.

खजिनदारानं चष्मा काढला, पुसला. "बाई, आता याचं काय करायचं? तो माणूस गेला."

"म्हणूनच आली," वयनी म्हणे. "लिहा."

"काय लिहू?"

"कप चोरी गेला नव्हता. ह्या बाईनं घासला होता. माह्या मालकानं चोरी केली नव्हती. लिहा अन् तिकडं त्या कपावर लावा."

"म्हणजे कप चांदीचा नव्हता, असं लिहू? क्लबचं नाव जाईन, बाई. बाहेरून लोकं येतात पाहायला."

"कोण येते?" वयनी म्हणे. "मॅट पाहाले येतात का?"

नव्यातला एक जण हसला, मंग खोकल्यासारखं केलं. खजिनदार म्हणे, "गैरसमज झाला होता. आम्हाला वाईट वाटते. त्यांचा फोटो हवा तर परत लावू."

लिहाले मात्र त्यानं हात लावला नाही. मी आत गेली, मॅटवरून चढून पेटी उघडली, फोटो काढला. पंच्याले भोकं पडले होते, फोटो बरा होता. त्याच खिळ्यावर लावला. मंग पदराची चाबी सोडली अन् खजिनदाराच्या टेबलावर ठेवली. तो म्हणे, "अहो बाई, काम सोडा असं कोण म्हणते?" पण मी ती उचलली नाही.

बाहेर आलो तं वयनी म्हणे, "हे लिहीत नाहीत तं तू बोल."

"कुठं?"

"जिथं जिथं मी मान खाली घालून गेली तिथं."

नळापासून सुरू केलं. मंग एकेक घर. वयनी पुढं, मी मागं. दार वाजवे ती, बोलो मी. मी म्हणो, "तो कप मी घासला होता, ह्यांच्या घरच्यानं काही नाही चोरलं." कोणी म्हणे, "कोणता कप वं?" त्यायले सगळं सांगा लागे. कोणी म्हणे, "आमाले तवाच वाटत होतं." त्यात ती घागरवालीही होती. ती वयनीले बसा म्हणे, पाट टाकला. वयनी बसली नाही. म्हणे, "ऐकलं ना?" तिनं हो म्हटलं. तशी पुढं गेली. एका घरी नवे किरायेदार होते, त्यायले भाऊ कोण हेच माहीत नव्हतं. वयनी तिथंही उभी राहिली, सगळं होईपर्यंत. तिसऱ्या गल्लीत मले चक्कर आली. वयनीनं हात धरला अन् ओट्यावर बसवलं. माही मान वर होईपर्यंत थांबली. मंग पुढचं दार वाजवलं.

माह्या घराचं दारही तिनं वाजवलं. माही मोठी पोरगी माहेरी आली होती, तिनं उघडलं. तिलेही सांगतलं. ती मले पाहात राहिली. तिनं आजपर्यंत त्याच्याबद्दल मले एक शब्द विचारला नाही.

शेवटी वयनीचं घर आलं. ती आत गेली. मले ये म्हटलं नाही, अन् दार लोटून घेतलं. जोरानं नाही लोटलं. त्याच्यानंतर ती जगली तेवढी वर्षं मले दिसे, नळावर सगळ्यांसोबत रांगेत, गप्पा मारत. माह्याशी बोलली नाही. मी विटाभट्टीवर परत गेली, मंग एका शाळेत पाणी भराले लागली.

त्या दिवशी काही घरं बंद होते. कोणी कामावर, कोणी गावाले. वयनी त्या दारापुढं थांबे, कुलपाकडं पाहे, अन् पुढं चाले. दुसऱ्या दिवशी तिनं मले बोलावलं नाही, अन् मी आपली आपण गेली नाही. आता हे माही नात लिहून घेऊन राहिली आहे. तिले मी म्हटलं, कोणाचं नाव टाकू नको, पण बाकी सगळं टाक. ते कुलूप लावेल घरं अजून सांगाचे राहिले आहेत.